ढाबळीची जमीन: निवड आणि निगा

ढाबळ बांधताना छप्पर, खण आणि जाळी यांवर आपण बारकाईने विचार करतो आणि जमीन मात्र उरल्यासुरल्या सामानातून उरकतो. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा, कारण कबुतरांचे अनेक आजार पायाखालच्या ओलीतूनच वाढतात. कॉक्सिडिया या परजीवीचे कोष विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा लगेच बाधक नसतात. ऊब आणि ओल मिळाली की काही दिवसांत ते बाधक बनतात आणि सांडलेले दाणे टिपणाऱ्या पक्ष्याच्या पोटात जातात. जंतांच्या अंड्यांना त्याहून अधिक दिवस लागतात, पण ओल त्यांनाही हवीच असते. म्हणून जमीन कशाची करावी हे ठरवण्याआधी ती कोरडी कशी राहील, हे ठरवावे.

माझी पहिली पसंती लाकडाला आहे. ढाबळ जमिनीपासून फूट-दीड फूट उचलून घ्यावी, म्हणजे खालून हवा खेळती राहते आणि उंदीर-घुशींना आडोसा मिळत नाही. वर 18 मिलिमीटर जाडीचे, ओल सोसणारे प्लायवुड टाकावे आणि त्याचे सांधे नेमके खालच्या आडव्या वाशांवर येतील असे बघावे, कारण अधांतरी राहिलेला सांधा दबतो, फट पडते आणि त्या फटीत दाणे, पिसे व विष्ठा साचून कुजू लागतात. सफाई सोपी व्हावी म्हणून त्यावर चकचकीत रंग लावण्याचा मोह होतो, तो टाळावा. कोरे लाकूड विष्ठेतला ओलावा थोडा शोषून घेते आणि ती लवकर सुकते. गुळगुळीत रंगावर ती पसरून चिकट राहते, शिवाय पक्ष्यांचे पाय घसरतात.

सिमेंटचा कोबा टिकाऊ असतो आणि उंदरांना तो पोखरता येत नाही, परंतु तो जमिनीतली ओल वर खेचतो. कोबा आधीच असेल तर हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा त्यावर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि दुसऱ्या दिवशी तो उचलून पाहावा. खाली दवासारखे थेंब दिसले किंवा कोबा काळपट पडलेला आढळला, तर त्यावर लाकडी पाट्यांचा उचललेला थर घेणेच योग्य. नवा कोबा घालताना मात्र खाली जाड प्लास्टिक अंथरावे आणि दाराकडे हलका उतार ठेवावा.

जाळीच्या जमिनीचा मोठा फायदा असा, की विष्ठा खाली पडते आणि पक्ष्याचा तिच्याशी संबंध तुटतो. तरीही खालून येणारा वारा पक्ष्यांना बाधतो, म्हणून वाऱ्याच्या बाजूची पोकळी फळीने झाकावी. जस्ताचा मुलामा दिलेली नवी जाळी असेल तर तिचे टोकदार कण घासून काढावेत. पक्षी ते टिपतात आणि जस्त त्यांना विषारी ठरते. घरट्याच्या खणात मात्र उघडी जाळी नको, कारण पिल्लांच्या पायांना पकड मिळाली नाही तर ते फाकतात.

निगा म्हणजे मुख्यतः रोजचे खरवडणे. रुंद पात्याची खरवडणी सकाळी एकदा फिरवली, तर कामाला काही मिनिटेच लागतात आणि पक्ष्यांची तब्येतही कळते: निरोगी कबुतराची विष्ठा घट्ट, गोळीसारखी असते, तिच्यावर पांढरी टोपी असते आणि खरवडणीखाली ती अखंड निघते. हिरवे पाणी किंवा पसरलेला डाग दिसला, तर तो कोणत्या बसणीखाली आहे हे आधी पाहावे आणि मगच पुसावा. हे काम करताना चांगला मास्क लावावा, यात कधीही हयगय करू नये. कबुतरांच्या विष्ठेची व पिसांची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेल्यास फुप्फुसांचा गंभीर आजार जडू शकतो. फार सुकलेल्या थरावर आधी पाण्याचा हलका फवारा मारावा आणि खरवडून झाल्यावर जागा वाळू द्यावी.

पाण्याचे भांडे नेहमी ताटात किंवा जाळीच्या चौकटीवर ठेवावे. माझ्या ढाबळीत एका पावसाळ्यात भांडे हळूहळू ठिबकत राहिले आणि माझ्या लक्षात येईपर्यंत त्याखालचे प्लायवुड काळे पडून बोटाने दाबले तरी खचू लागले होते. तेवढा तुकडा कापून नवा बसवावा लागला. अशा कोपऱ्यात नुसता भुसा टाकून ओल झाकू नये, कारण ओल्या भुशाला बुरशी येते आणि तिच्या बीजाणूंनी पक्ष्यांची श्वसनसंस्था बिघडते.

जंतुनाशक वापरायचे असेल तर आधी जमीन खरवडून धुवावी, कारण विष्ठेच्या थरावर ब्लीचचा परिणाम जवळपास होत नाही. ब्लीच कधीही आम्लात किंवा अमोनियायुक्त द्रवात मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. कॉक्सिडियाचे कोष मात्र बहुतेक जंतुनाशकांना दाद देत नाहीत. त्यांच्यावर कडक ऊन, उकळते पाणी आणि त्यानंतरचे पूर्ण कोरडेपण हाच उपाय चालतो. धुतल्यावर दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि सांध्यांवर कोरडा कागद दाबून तो ओला होत नाही याची खात्री झाल्यावरच पक्षी आत घ्यावेत.