खालच्या रँकिंगवरून कोचिंगकडे: गोव्यात सुरुवात करताना

आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) एम१५ स्पर्धेत, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, एकूण बक्षीस १५,००० डॉलर. पहिल्याच फेरीत हरणाऱ्याचं त्यातून विमानभाडंही सुटत नाही. म्हणून निवृत्तीपर्यंत थांबू नका, खेळत असतानाच प्रशिक्षकाचा कोर्स उरका.

नव्या कोचचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे त्याचा स्वतःचा फोरहँड. तो दाखवायचा मोह आवरा. आठ वर्षांखालच्या मुलांना लाल बॉल द्या (नेहमीच्या पिवळ्यापेक्षा ७५ टक्के मंद), कोर्टाची लांबी ११ मीटर, नेट ८० सेंटिमीटर. पुढे नारिंगी बॉल, १८ मीटर. त्यानंतरच्या हिरव्याला पूर्ण कोर्ट. पालक पिवळ्यासाठी मागे लागतील, बधू नका. पिवळा बॉल मुलाच्या डोक्यापर्यंत उसळतो, तो गाठायला मूल ग्रिप फिरवत वेस्टर्नवर (तळवा दांड्याच्या खाली जातो ती पकड) नेतं, आणि त्याच ग्रिपने सर्व्हिस केली की रॅकेट तव्यासारखी सपाट पडते. ही खोड मोडायला महिने जातात. सर्व्हिस पहिल्यापासून काँटिनेंटलनेच. हातोडी धरतात तशी.

नवख्यांना नेटपलीकडून बॉल मारू नका. दोन-तीन मीटरवरून, खालच्या हाताने टाका. एका कोर्टावर सहाच मुलं, जास्त झाली की नुसती रांग.

खरी परीक्षा पावसाची. जून ते सप्टेंबर उघड्या कोर्टावर शेवाळ धरतं, बॉलची लव पाणी पिऊन जड होते, फी बुडते. बॅडमिंटनचा हॉल तासावर घ्या: त्याचं १३.४ बाय ६.१ मीटरचं कोर्ट लाल बॉलला पुरतं. मोठ्या मुलांचं मात्र तिथे भागत नाही. त्यांच्याकडून फिटनेस करून घ्या, आणि फी वर्षाची ठरवून हप्त्यांनी घ्या.