पीएचडीचं ऑफर लेटर: पैसे कुठून, गाइड कोण?

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं पत्र आलं. वर ठळक अक्षरांत 'पाच वर्षं फुल फंडिंग', आत स्टायपेंड मात्र नऊ महिन्यांचा. उन्हाळ्यात काय खायचं, यावर अवाक्षर नाही. ट्यूशन माफ, पण स्टुडंट फी आपल्याच खिशातून. ती वजा करून बाराने भागल्यावर आकडा चांगलाच उतरला.

गाइडच्या जागी 'नंतर ठरेल'. मग ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला मेल टाकला: पहिल्या वर्षी टीए (पगारी शिकवण्यातली मदत) की आरए (पगारी संशोधनातली मदत)? आरएचा पैसा प्रोफेसरांच्या ग्रँटमधून येतो; ती आटली तर विभाग टीएशिप देणार का? गाइड कधीपर्यंत ठरवायचा, आणि नाहीच जमलं तर? उत्तर लेखी आलं: सुरुवातीला टीए, आठवड्याला २० तास, ग्रँट संपल्यास पुन्हा टीए. फोनवरच्या गोड बोलण्यावर मी तरी विसंबलो नसतो.

उन्हाळ्याचं खरं उत्तर तिथल्या सीनियर विद्यार्थ्यांनी दिलं: आरए मिळते, पण हिवाळ्यातच प्रोफेसरांच्या मागे लागावं लागतं.

दुसरं एक विद्यापीठ मार्चमध्येच होकारासाठी घाई करत होतं. तिकडची बरीच विद्यापीठं १५ एप्रिलचा ठराव पाळतात. आर्थिक मदतीच्या ऑफरला त्याआधी उत्तर देण्याचं बंधन नसतं. त्याचा हवाला देताच मुदत वाढली.