नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन: रिकामा प्रोसेसरही कोअर खातोय? या चुका टाळा

नेस्टेड म्हणजे एका व्हर्च्युअल मशीनच्या आत दुसरं. सगळ्यात आतल्या मशीनमध्ये टॉप (प्रोसेसरचा वापर दाखवणारी कमांड) लावला तर प्रोसेसर जवळजवळ पूर्ण रिकामा दिसतो. खालच्या खऱ्या होस्टवर मात्र त्याच मशीनपायी अख्खा कोअर अडकलेला असतो. नेस्टेड सेटअपमधली ही ओळखीची तक्रार. आतलं सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. ‘आपण रिकामे आहोत’ हे प्रत्येक थर आपापलं ठरवतो, आणि घोळ तिथेच होतो.

खरा होस्ट म्हणजे एल०, त्यावरचं हायपरव्हायजर (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) चालवणारं मशीन एल१ आणि त्याच्या पोटातलं एल२. इथलं वर्णन इंटेल प्रोसेसर आणि लिनक्सच्या केव्हीएम या हायपरव्हायजरचं आहे.

एल२ला काम उरलं नाही की त्याचं कर्नल हॉल्ट (काम येईपर्यंत थांब) ही सूचना देतं. ती पकडतो एल०, कारण हार्डवेअर फक्त त्याच्या हातात असतं. एल१ने हॉल्ट अडवण्याचं मागितलेलं असेल, तर एल० तो एक्झिट (गेस्ट, म्हणजे आतलं मशीन, थांबून ताबा हायपरव्हायजरकडे येणं) एल१कडे सोपवतो. एल१ त्या व्हीसीपीयूचा (व्हर्च्युअल प्रोसेसरचा) थ्रेड झोपवतो, मग एल१लाही काम उरत नाही आणि तोही हॉल्ट देतो. तो एक्झिट पुन्हा एल०कडे. झोपण्याआधी एल२ने टायमर लावलेला असतो, त्याचेही असेच हेलपाटे होतात. जागं होतानाही तितकाच प्रवास. म्हणून सतत थोडं झोपून थोडं जागं होणारं एल२ हे भरपूर काम करणाऱ्या एल२पेक्षाही तापदायक ठरू शकतं.

दोन्ही थरांवर पोलिंग चालू ठेवणं

गेस्टने हॉल्ट दिल्यावर केव्हीएम लगेच झोपत नाही. काम लवकर येईल या आशेने थोडा वेळ जागं राहून वाट बघतं. याला हॉल्ट पोलिंग म्हणतात. एक्स८६वर त्याची कमाल मर्यादा मुळात २,००,००० नॅनोसेकंद, म्हणजे २०० मायक्रोसेकंद असते. एकाच थरावर ही युक्ती चांगली आहे, कारण प्रतिसाद लवकर मिळतो.

नेस्टेडमध्ये मात्र आधी एल१ वाट बघतो आणि मग झोपायला गेला की एल० वाट बघतो. त्यातही एल१चं वाट बघणं एल०ला ‘पोलिंग’ म्हणून दिसतच नाही. त्याच्या हिशेबी तो गेस्टने केलेला खरा कामाचा वेळ. आपल्या कोअरवर दुसरं काम खोळंबलं असेल तर केव्हीएम पोलिंग सोडून देतं, पण एल१ला फक्त स्वतःच्या आतली कामं दिसतात. एल०वर शेजारची मशीन ताटकळत असली तरी त्याला पत्ता नसतो.

माझं मत स्पष्ट आहे: पोलिंग एकाच थरावर ठेवा, आणि तो थर एल० असू द्या. एल१मध्ये केव्हीएम मॉड्यूलचं हॉल्ट-पोल-एनएस हे पॅरामीटर शून्य करा. त्यानंतर एल२ पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा, कारण काही कर्नल आवृत्त्या ही किंमत मशीन तयार होतानाच वाचून ठेवतात. हे न केल्यामुळे ‘फरकच पडला नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

एल२च्या आत हॉल्टपोल नावाचा वेगळा ड्रायव्हरही असू शकतो. तो लिनक्स ५.४पासून आहे आणि गेस्टमध्येच पोलिंग करतो. सध्या कोणता आयडल ड्रायव्हर (रिकामा वेळ हाताळणारा) चालू आहे ते सिस-एफएसमधल्या (कर्नलची माहिती फाइलरूपात दाखवणाऱ्या जागेतल्या) सीपीयू-आयडल फोल्डरमध्ये दिसतं. तिथेही एकदा नजर टाका, नाहीतर तिसऱ्या थराचं पोलिंग सुटून जाईल.

एकाच थरावर मोजणं

एल०वर पर्फ या मोजणीच्या साधनाचं केव्हीएम-स्टॅट लावून हॉल्ट एक्झिट मोजले तर अर्धंच चित्र मिळतं. एल१मध्येही तेच लावा. डीबग-एफएसमधल्या (कर्नलच्या तपासणीसाठीच्या फाइलींतल्या) केव्हीएमच्या नोंदींत हॉल्ट एक्झिट, पोलिंगचे प्रयत्न आणि त्यातले यशस्वी किती हे वेगवेगळं मिळतं. प्रयत्न भरपूर आणि यश नगण्य असेल तर ते पोलिंग निव्वळ वाया जातंय. एल२ची एक्झिटसंख्याच अवाढव्य असेल तर पोलिंगशी झटू नका. एल२ला इतक्या वेळा कोण उठवतंय ते शोधा आणि गरजेपेक्षा जास्त दिलेले व्हीसीपीयू कमी करा.

एमवेट जबरदस्तीने दाखवणं

खरा प्रोसेसर मॉनिटर-एमवेट या सूचना वापरून खोल झोपतो, म्हणून काही जण सीपीयूच्या व्याख्येत बदल करून ते एल२लाही दाखवतात. केव्हीएममध्ये एमवेटचे एक्झिट बंद केलेले नसतील, तर ही सूचना पकडली जाते आणि काहीच न करता पुढे ढकलली जाते. मग एल२ झोपायला जातं, झोप लागत नाही, पुन्हा प्रयत्न करतं, आणि दर फेरीला एल० ते एल१ वारी होते. कर्नल लॉगमध्ये ही सूचना नो-ऑप म्हणून चालवल्याचा इशारा येतो, पण तो एकदाच छापला जातो, त्यामुळे सहज नजरेतून निसटतो.

क्यूएमू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामचा सीपीयू-पीएम पर्याय एक्झिट खरोखर बंद करतो. पण मग झोपलेला गेस्टही होस्टला १०० टक्के व्यस्त दिसतो आणि त्या कोअरवरच्या इतरांना उशीर होतो. कोअर त्या मशीनसाठी राखून ठेवलेला असेल तरच हा पर्याय वापरा.

एल१मध्ये सी-स्टेटची (प्रोसेसरच्या झोपेच्या पातळीची) कमाल मर्यादा बदलण्यात वेळ घालवू नका. एरवी खऱ्या सी-स्टेटवर ताबा एल०चाच असतो.

आयडल-पोलला उपाय समजणं

एल२ मध्येच गोठतं आणि कन्सोलवर एखादी कळ दाबली की पुढे सरकतं, असं होत असेल तर जागं करणारा इंटरप्ट (प्रोसेसरला मारलेली हाक) कुठेतरी हरवतोय. अशा वेळी एल२च्या कर्नलला आयडल-पोल (रिकामं असताना न झोपता सतत वाट बघणं) हा पर्याय देऊन बघणं योग्यच. गोठणं थांबलं तर दोष हॉल्टच्या वाटेवर आहे हे बऱ्यापैकी नक्की होतं. पण तपासणी झाली की तो काढा. तसाच ठेवला तर एल२ कधीच हॉल्ट देत नाही, कोअर कायमचा जळतो आणि मूळ दोष झाकला जातो.

स्वतःचं हायपरव्हायजर लिहिणाऱ्यांनी इथे व्हीएमसीएसमधलं (प्रोसेसरने गेस्टची स्थिती ठेवलेल्या रचनेतलं) अ‍ॅक्टिव्हिटी स्टेट तपासावं. हॉल्टचा एक्झिट घेत असाल तर इन्स्ट्रक्शन पॉइंटर (पुढची सूचना कुठली ते दाखवणारा) पुढे सरकवायला हवा, नाहीतर गेस्ट उठून पुन्हा त्याच हॉल्टवर येतो. एक्झिट घेत नसाल तर पॉइंटर आधीच पुढे गेलेला असतो आणि स्टेटमध्ये १, म्हणजे हॉल्ट, नोंदलेलं असू शकतं. त्या स्थितीत इंटरप्ट किंवा एनएमआय (न अडवता येणारा इंटरप्ट) आत ढकलता येतो, पण पेज फॉल्ट (मेमरीच्या पानाची चूक) ढकलला तर व्हीएम-एंट्रीच, म्हणजे गेस्टमध्ये परत शिरणंच, फसते. आधी स्टेट ० करा, मग फॉल्ट द्या.