बाळंतपणाच्या रजेवरून कामावर परतताय? या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हजेरी-पगाराचं काम मी बघते. पहिलटकरणी रजेवरून परततात आणि पुन्हा त्याच चुका करतात, तेव्हा जीव तुटतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रविवारी माहेराहून यायचं आणि सोमवारी कामावर हजर व्हायचं. आमच्या ऑफिसातली एक पोरगी निपाणीहून अशीच आली. सासर वडगावचं. बाळाला घर नवं, आजी नवी, त्यात आई सकाळपासून दिसेना. बोंडल्याला तोंड लावीना. अकराच्या सुमाराला सासूबाईंचा फोन, "रडून रडून घसा बसलाय गं त्याचा, ये की लवकर." ती तशीच रिक्षानं पळाली. दोन दिवसांनी राजीनामा घेऊन आली. हिशेबात इतकी हुशार पोरगी! मी तो कागद पुढे पाठवलाच नाही, पंधरा दिवसांच्या बिनपगारी रजेचा अर्ज लिहून घेतला.

रुजू व्हायच्या निदान तीन आठवडे आधी सासरी या. काढलेलं दूध आजीनं वाटी-चमच्यानं पाजायचं आणि त्या वेळी तुम्ही घरात थांबायचं नाही. आई जवळ असली की बाळ दुसऱ्याच्या हातून पीत नाही. आधी खडेबाजारापर्यंत चक्कर मारा, मग अर्धा दिवस बाहेर राहा. "दोन दिवसांत शिकतंय हो" म्हणणाऱ्यांचं मुळीच ऐकू नका.

रजेचं गणितही आधीच करा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या बाळासाठी २६ आठवडे मिळतात, त्यातले जास्तीत जास्त ८ बाळंतपणाआधी घेता येतात. आधी जितके घ्याल तितके बाळाजवळचे कमी होतात. तब्येत साथ देत असेल तर उगाच लवकर घरी बसू नका.

साहेब "बघू की" म्हणाले म्हणजे मंजुरी मिळाली असं नव्हे. रुजू व्हायची तारीख लेखी घ्या. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन जादा सुट्ट्या कायद्यानं मिळतात. ५० किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर हवं आणि दिवसातून चारदा तिथे जाता आलं पाहिजे. हे मागायला लाजणाऱ्या पोरींचा मला खरंच राग येतो.

नोकरीसाठी गोळ्या घेऊन दूध आटवू नका.

काढलेलं दूध बाहेर चार तासांच्या वर ठेवू नका, एप्रिल-मे महिन्यात तर लगेच फ्रिजमध्ये टाका. गॅसवर उकळायचं नाही, वाटी कोमट पाण्यात ठेवायची. खानापूरसारख्या लांबच्या गावाहून कामाला येणाऱ्यांनी बर्फाची पिशवी दुधाच्या डब्यासोबत ठेवावी.