पाळीच्या आधीची लक्षणं आणि टेस्ट नेमकी कधी करायची त्याचा हिशोब

पाळीला अजून सहा दिवस आहेत, ब्राचा हुक लावताना छाती दुखली, दुपारी खुर्चीतच डुलकी लागली, की लगेच मोबाईल काढून सर्च, "छाती दुखणे दिवस गेल्याचं लक्षण आहे का". हे मी केलंय, एकदा नाही, जवळजवळ आठ महिने दर महिन्याला, आणि दर महिन्याला सगळी लक्षणं अगदी चोख जुळायची आणि सहाव्या दिवशी पाळी हजर. ज्या महिन्यात खरंच दिवस राहिले त्या महिन्यात मात्र काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं, उलट मला वाटलं हा पण महिना गेला. त्यामुळे कोणी चान्स घेत असेल, किंवा उलट, नको असताना तारीख पुढे गेली म्हणून कोणाच्या पोटात गोळा आला असेल, दोघींसाठी हे लिहितेय, कारण हिशोब दोघींचा एकच आहे.

आधी लक्षणं का फसवतात ते बघू. बीजांड बाहेर पडलं की त्यानंतर शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं. छाती जड होणं, पोट फुगणं, पोट साफ न होणं, सारखी झोप येणं, यातलं बरंचसं त्याचं काम. आणि हे हार्मोन दर महिन्याला वाढतं, दिवस गेलेले असोत नसोत! म्हणजे पाळीच्या आधीची छातीदुखी आणि प्रेग्नन्सीची छातीदुखी एकाच कारणाने होते, मग त्यातून फरक कसा ओळखणार, डॉक्टरला पण नाही ओळखता येत.

दुसरी गोष्ट, बीज फळलं म्हणजे लगेच सगळं सुरू झालं असं नसतं. ते आधी नळीतून गर्भपिशवीत येतं आणि बीजांड सुटल्यापासून साधारण ६ ते १२ दिवसांत पिशवीच्या अस्तराला चिकटतं, बहुतेक वेळा ८ ते १० व्या दिवशी. चिकटल्यावरच एचसीजी बनून रक्तात यायला लागतं, आणि किट जे शोधतं ते हेच हार्मोन. त्यामुळे संबंध आल्यावर तिसऱ्या दिवशी मळमळलं तर ती मळमळ खरी असेल हो, पण तिचं कारण दुसरं काहीतरी आहे.

आता एकेक लक्षण घेऊ, पण खरं सांगू का, यातलं एकच कामाचं आहे, ज्यांची पाळी वेळेवर येते त्यांची तारीख चुकणं. बाकी सगळी साक्षीदार म्हणून ठीक.

मळमळ आणि कोरड्या उलट्या बहुतेकींना सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतात, म्हणजे पाळी चुकून एक दोन आठवडे झाल्यावर, आणि काहींना शेवटपर्यंत होतच नाहीत. म्हणून उलट्या नाहीत म्हणजे काही नाही असं पण समजू नका. वारंवार लघवीला जाणं, वास सहन न होणं, तोंडाला धातूसारखी चव येणं, हे पण साधारण त्याच सुमाराला. थकवा मात्र लवकर येऊ शकतो, आणि तो साधा नसतो, जिना चढून आल्यावर बसलं की उठवत नाही असा, पण असा थकवा जागरणाने आणि हिमोग्लोबिन कमी असलं तरी येतोच.

डागांबद्दल जरा सविस्तर बोलते कारण इथे जास्त गोंधळ होतो. काही जणींना पाळीच्या तारखेच्या थोडं आधी किंवा त्याच सुमाराला हलकं स्पॉटिंग होतं, गुलाबी किंवा तपकिरी, पुसल्यावर टिश्यूवर दिसेल इतकंच, पॅड भरत नाही, गाठी पडत नाहीत, आणि एक दोन दिवसांत थांबतं. याला इम्प्लांटेशन ब्लीडिंग म्हणतात. पण बऱ्याच जणींना हे होतच नाही आणि पाळी सुरू होतानाही पहिल्या दिवशी असेच डाग पडतात, त्यामुळे डागाच्या रंगावरून निकाल लावत बसू नका. उलटं पण होतं, तारखेला थोडंसं अंगावरून गेलं, नेहमीपेक्षा खूपच कमी, एकाच दिवसात बंद, आणि आपण पाळी आली म्हणून निश्चिंत! अशी विचित्र पाळी आली तर एक टेस्ट करून टाका.

जे रोज सकाळी उठल्या उठल्या टेम्परेचर घेऊन लिहून ठेवतात त्यांच्याकडे मात्र एक बरा पुरावा असतो. बीजांड सुटल्यावर ते थोडं वाढतं आणि पाळी आली की खाली येतं, ते १८ दिवसांपेक्षा जास्त वरच राहिलं तर शक्यता चांगली. मी दोन महिने केलं आणि सोडून दिलं, रोज सकाळी थर्मामीटर तोंडात धरून घड्याळाकडे बघण्यातच डोकं फिरायचं.

आता तारखेचा हिशोब. लोक म्हणतात चौदाव्या दिवशी ओव्ह्युलेशन होतं, म्हणजे बीजांड सुटतं, ते फक्त २८ दिवसांच्या सायकलला, आणि तिथे पण अंदाजेच. खरं तर पुढच्या पाळीच्या तारखेपासून मागे मोजायचं, साधारण १४ दिवस. कोणाची पाळी ३५ दिवसांनी येते तर बीजांड २१ व्या दिवसाच्या आसपास सुटेल. अशी बाई ३० व्या दिवशी "दोन दिवस वर गेले" म्हणून टेस्ट करते आणि निगेटिव्ह आली की रडत बसते, पण तिची तारीखच अजून आलेली नसते.

एचसीजी सुरुवातीला साधारण दोन ते तीन दिवसांत दुप्पट होतं. घरच्या बऱ्याचशा किटना लघवीत २५ युनिटच्या आसपास लागतं. समजा आज ५ आहे, दोन दिवसांनी १०, चार दिवसांनी २०, सहा दिवसांनी ४०, म्हणजे जी टेस्ट आज निगेटिव्ह आली ती आठवड्याने ठळक पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि आजची निगेटिव्ह चुकीची पण नव्हती, फक्त लवकर होती. म्हणून पाळी नियमित असेल तर तारीख उलटल्याच्या दिवशी किंवा त्यानंतर करा, आणि चार पाच दिवस धीर धरवला तर अजून उत्तम. आधी करण्याचा मोह होतो माहितीये, करा, पण मग निगेटिव्हला निगेटिव्ह समजायचं नाही एवढं मनाशी ठरवून करा.

ज्यांची पाळी कधी ३० दिवसांनी तर कधी ५० दिवसांनी, पीसीओएस (पाळी अनियमित करणारा हार्मोनचा त्रास) आहे, किंवा बाळ अंगावर पितंय आणि पाळी सुरूच झालेली नाही (हो, पाळी यायच्या आधी पण दिवस राहू शकतात) त्यांना चुकण्याची तारीखच नसते. त्यांनी शेवटच्या असुरक्षित संबंधापासून २१ दिवस मोजायचे. हे २१ कसे आले ते बघा, शुक्राणू आत ५ दिवसांपर्यंत तग धरतो, मग चिकटायला जास्तीत जास्त १२ दिवस, आणि पुढे एचसीजी किटला दिसेल इतकं व्हायला ४ दिवस. २१ दिवसांनी नीट केलेली टेस्ट निगेटिव्ह असेल तर त्या संबंधातून दिवस गेलेले नाहीत असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं.

इमर्जन्सी गोळी घेतली असेल तर पाळी काही दिवस आधी किंवा नंतर येऊ शकते, त्यात घाबरण्यासारखं नाही, पण तारखेपेक्षा आठवडाभर वर गेलं तर टेस्ट करा. टेन्शन, आजारपण, वजन एकदम कमी जास्त होणं, थायरॉईड, यानेही पाळी लांबते, पण म्हणून "टेन्शनमुळेच असेल" असं म्हणत महिनाभर बसू नका, पाच मिनिटांचं काम आहे.

टेस्ट करताना पहिलं म्हणजे पाकिटावरची एक्सपायरी बघा, आणि पाकीट आधीपासून फोडून ठेवू नका, ओल लागते. सकाळची पहिली लघवी घ्या कारण रात्रभरात ती दाट झालेली असते, नाईट शिफ्ट असेल तर जी तुमची मोठी झोप त्यानंतरची पहिली, नाहीतर निदान चार तास न जाता नंतर घ्या. आणि जास्त लघवी व्हावी म्हणून तांब्याभर पाणी पिऊ नका, त्याने ती पातळ होते आणि असलेली लाईन पण पुसट होते. कोरड्या स्वच्छ डबीत घ्यायची, ड्रॉपरने जेवढे थेंब लिहिलेत तेवढेच खाचेत टाकायचे, बहुतेक किटमध्ये दोन तीन असतात. जास्त ओतलं म्हणजे जास्त पक्कं असं काही नसतं. किट सपाट जागेवर ठेवायचं, हातात धरून हलवत बघायचं नाही, आणि मोबाईलवर टायमर लावायचा.

टायमर का म्हणते ते सांगते. माझी एक टेस्ट निगेटिव्ह आली, टाकून दिली, आणि तासाभराने राहवलं नाही म्हणून कचऱ्याच्या डब्यातून परत काढली, तर दुसरी रेघ! ट्यूबखाली तिरकी धरून, नवऱ्याच्या मोबाईलच्या टॉर्चमध्ये, सगळीकडून बघितली, आम्ही दोघं हसतोय रडतोय, आणि चार दिवसांनी पाळी. ती रेघ गुलाबी नव्हती, राखाडी होती, लघवी वाळल्यावर पट्टीवर अशी रेघ उमटते. किटवर ५ मिनिटं लिहिलं असेल तर ५ मिनिटांनी बघा, १० मिनिटांनंतरचं काहीही धरू नका.

किटवर सी (कंट्रोल) आणि टी (टेस्ट) अशी अक्षरं असतात. सी जवळ रेघ आलीच नाही तर टेस्ट फुकट, टी जवळ काहीही असो, नवीन किटवर करा. सी एकटी असेल तर निगेटिव्ह. दोन्ही असतील तर पॉझिटिव्ह, आणि टी ची रेघ फिकी पण रंगीत आणि वेळेत आलेली असेल तरी पॉझिटिव्हच धरतात, फिकी म्हणजे एचसीजी अजून कमी आहे एवढंच. दोन दिवसांनी परत करा. कधी कधी फिकी रेघ येते आणि आठवड्याभरात पाळी पण येते, म्हणजे बीज चिकटलं पण पुढे वाढलं नाही. हे पुष्कळ वेळा होतं, टेस्ट केली नसती तर कळलंही नसतं, आणि तुम्ही जिना चढलात किंवा वजन उचललंत म्हणून ते झालेलं नसतं.

निगेटिव्ह आली आणि पाळीही आली नाही तर दोन तीन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने पुन्हा. तरीही तसंच असेल तर डॉक्टरकडे जाऊन बीटा एचसीजी ही रक्ताची तपासणी करता येते, त्यात आकडाच येतो, साधारण ५ च्या खाली निगेटिव्ह, २५ च्या वर पॉझिटिव्ह, मधलं असेल तर दोन दिवसांनी परत बघतात. खोटी पॉझिटिव्ह फार कमी येते, पण ट्रीटमेंटमध्ये एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर दहा बारा दिवस तेच लघवीत दिसत राहतं, आणि नुकताच गर्भपात किंवा डिलिव्हरी झाली असेल तर काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. अँटिबायोटिक किंवा गर्भनिरोधक गोळ्यांनी रिझल्ट बदलत नाही.

टूथपेस्ट, मीठ, साखर यांच्या टेस्ट कृपया करू नका, टूथपेस्टला कोणाच्याही लघवीने फेस येतो, नवऱ्याची टाकून बघा. एकेकाळी म्हणजे १९३० च्या दशकापासून बाईच्या लघवीचं इंजेक्शन बेडकीला द्यायचे आणि तिने अंडी घातली की पॉझिटिव्ह, ते ऐकायला अघोरी वाटतं पण त्यात निदान एचसीजीचा खरा परिणाम तरी होता!

एक गोष्ट मात्र वाट बघण्यासारखी नाही. पाळी चुकलीय आणि ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखतंय, खांद्याच्या टोकाला दुखतंय, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी, किंवा जास्त ब्लीडिंग, तर टेस्ट पॉझिटिव्ह का निगेटिव्ह हा विचार न करता सरळ हॉस्पिटल, रात्र असली तरी. गर्भ नळीत राहिला असेल तर नळी फुटून जिवावर बेततं.

टेस्ट व्हायची असेल तेवढ्या दिवसांत दिवस गेलेत असंच धरून चाला, दारू सिगारेट बंद, दुखण्याची गोळी मनाने घेऊ नका, एक्स रे काढायचा असेल तर आधी सांगा. पण फिट्स, थायरॉईड, बीपी अशा चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरला फोन करा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइन चालू असेल तर मात्र आजच फोन करा आणि त्यांच्याशी बोलल्याशिवाय पुढची गोळी घेऊ नका. चान्स घेत असाल तर रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड आधीपासूनच सुरू पाहिजे, कारण बाळाच्या पाठीच्या कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत बंद होते, तेव्हा कित्येकींना कळलेलं पण नसतं.

पॉझिटिव्ह आली तर डॉक्टर पहिलं विचारतात शेवटची पाळी कधी आली, म्हणजे तिचा पहिला दिवस, तो लिहून ठेवा. आठवडे त्याच दिवसापासून मोजतात, त्यामुळे पाळी चुकली त्या दिवशी २८ दिवसांवालीचे चार आठवडे झालेले असतात, ते ऐकून नवरे बोटं मोजायला लागतात. आणि दुखत नसेल, ब्लीडिंग नसेल तर दुसऱ्याच दिवशी सोनोग्राफीला पळू नका. पाचव्या आठवड्याच्या सुमाराला नुसती पिशवी दिसते, ठोके सहाव्या आठवड्यानंतर, तारीख थोडी पुढे मागे असेल तर तेव्हाही नाही दिसत. मी पाच आठवड्यांची असताना गेले, "अजून काही दिसत नाही, दोन आठवड्यांनी या" एवढंच ऐकून परत आले आणि ते चौदा दिवस टेस्टच्या आधीच्या दिवसांपेक्षा वाईट गेले.