वचन चालीत बसवताना ‘नाही’ कुठे पडतं ते आधी बघा

कोल्हापुरात गाऊन पाठ करणं कुणाला शिकवावं लागत नाही. पेठापेठांत भजन, घरात जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या आजी, आणि १८५२ साली वाइल्डर मिशनरी इथे आल्यापासून मराठीतून चालत आलेली ख्रिस्ती उपासना. कान तयार असतोच. अडतं ते दुसरीकडेच: चाल पक्की बसते आणि बायबलच्या वचनाचे शब्द मात्र झिजत जातात. म्हणून इथला पहिला नियम असा, की शब्द छापल्याप्रमाणे राहतील, वाकायचं ते चालीनं.

ना. वा. टिळकांसारख्या ख्रिस्ती कवींनी अभंगाच्या वळणाने जी गीतं दिली, ती मंडळीचं, म्हणजे चर्चमधल्या भाविकांचं, मोठं धन आहेत. पण सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या चरणात बसवलं की शब्द कवीचे होतात. त्यातून वचनाचा भाव मनात मुरतो, पण शास्त्रपाठाच्या स्पर्धेत किंवा आजाऱ्याच्या उशाशी ‘वचन म्हणा’ म्हटलं की ओठांवर गीत येतं. दोन्ही हवं, फक्त एकाच्या जागी दुसरं नको.

सुरुवातीला सगळ्यांचं पुस्तक एकच करा. संडे स्कूलमधला, म्हणजे चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गातला, निम्मा गोंधळ इथेच असतो. एका लेकराच्या घरी बायबल सोसायटीचं जुनं पवित्र शास्त्र, दुसऱ्याच्या आईच्या मोबाइलवर सोप्या भाषेतली आवृत्ती. दोघंही बरोबर असतात, पण एकत्र गायला लागले की शब्द एकमेकांवर आदळतात आणि दोघंही गप्प होतात. ठरलेलं वचन फळ्यावर विरामचिन्हांसह लिहा. अर्धविराम तर हमखास, कारण स्तोत्राचं (बायबलमधल्या ‘स्तोत्रसंहिता’ या पुस्तकातल्या गीताचं) वचन बहुधा दोन अर्धांचं असतं आणि आपल्या छपाईत तो सांधा बऱ्याचदा तिथेच दिसतो.

आता चाल. सिनेगीताची चाल घेऊ नका. तिचे मूळ शब्द आधीच डोक्यात असतात, तिसऱ्या ओळीला तेच वर येतात. बांधीव, ठेक्यात घट्ट बसलेली चालही नको, कारण वचन म्हणजे गद्य. एक वचन सहा शब्दांचं, पुढचं वीस शब्दांचं. इथे ओवीसारखी सैल चाल उपयोगी पडते, किंवा सरळ पठणाची चाल. पेटीवर काळी एकचा सा धरा आणि सा ते प एवढ्याच पाच स्वरांत राहा. त्यात बायका, मुलं आणि खालच्या सप्तकात पुरुष, कुणालाच ताण पडत नाही. पहिला अर्ध ग वर धरून म्हणायचा, अर्धविरामाशी म-प असं चढायचं. दुसरा अर्ध म वर धरायचा आणि ग-रे-सा असं उतरायचं. लांब वचनात फक्त धरलेला स्वर लांबतो, वळण तेच राहतं.

तेविसाव्या स्तोत्राचं पहिलं वचन घ्या: ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे; मला काही उणे पडणार नाही.’ लेकरं इथे ‘पडणार’पाशी श्वास घेतात. शेवटचा ‘नाही’ उरल्यासुरल्या दमात जातो, मागच्या बाकावर ऐकूच येत नाही, आणि वचनाचा अर्थ उलटा होतो! म्हणून श्वास अर्धविरामालाच घ्यायचा. ‘मला काही उणे’ म वर, ‘पडणार’ ग वर, ‘ना’ रे वर दोन मात्रा थांबवून ‘ही’ सा वर. नकार असलेल्या प्रत्येक वचनात ‘नाही’, ‘नको’, ‘नये’ आधी शोधून त्याखाली रेघ मारा, आणि लांब स्वर तिथे ठेवा.

या स्तोत्रात सहा वचनं आहेत, पण ती सहा आठवड्यांत सारखी वाटू नका. पहिल्या आठवड्यात १ ते ३. दुसऱ्यात फक्त ४. तिसऱ्यात ५ आणि ६, चौथ्यात सगळं सलग. चौथ्या वचनाला आख्खा आठवडा का? ते लांब आहे, त्यात ‘मृत्युच्छायेच्या’ हा जोडाक्षरांचा शब्द आहे, आणि तिथे बोलण्याची दिशा बदलते. आधीच्या वचनांत परमेश्वर ‘तो’ आहे, इथे ‘तू’ होतो. ‘तो’च्या ओघात गाणारे हमखास ‘तो माझ्याबरोबर आहे’ म्हणतात. उपाय सोपा: ‘तू’ हा शब्द पहिल्यांदा येतो तिथे सरळ प वर चढा. स्वर बदलला की जीभ सावध होते. जोडशब्द मात्र गाण्याआधी बोलून घ्या, ‘मृत्यु’, मग ‘च्छायेच्या’, मग एकत्र, दहा वेळा.

रोज दहा मिनिटं पुरतात. नवं वचन तीनदा बघून गा, तीनदा न बघता, मग एकदा चालीशिवाय बोला. उजळणी दुसऱ्या, चौथ्या, सातव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी. रविवारी दोन तास घासून आठवडाभर सोडलं तर बुधवारपर्यंत निम्मं गेलेलं असतं. अध्याय आणि वचनाचा आकडाही चालीतच म्हणा, सुरुवातीला सा वर. नाहीतर वचन येतं, पण ते कुठलं हे सांगता येत नाही.

चालीशिवाय बोलण्याचा तो एक फेरा कधीही गाळू नका. गाऊन पाठ केलेलं साखळीसारखं असतं, पहिली कडी हातात आली तरच पुढची येते. म्हणून मधूनच विचारा: ‘चौथं वचन, बोलून.’ मग ‘दुसऱ्याचा दुसरा अर्ध.’ अडलं तर त्याच वचनाची चाल गुणगुणू द्या, पण शब्द पुन्हा बोलूनच घ्या.

ढोलकी किंवा तबला चौथ्या आठवड्याआधी नको. केरव्याच्या आठ मात्रा सुरू झाल्या की ‘आहे’, ‘व’, ‘कारण’ हे बारके शब्द पहिल्यांदा गळतात. ग्रुपवर आवाज पाठवायचा तर एकाच माणसाचा, पेटी हळू, आणि पाठवण्याआधी दुसऱ्या कुणीतरी पुस्तक उघडून शब्दन् शब्द जुळवलेला. एक चूक चाळीस घरांत गेली की ती परत काढायला महिनाभर लागतो.

येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातली धन्यवचनं (‘ते धन्य’ म्हणणारी वचनं) वेगळ्या कारणाने अवघड आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायातली ३ ते १० ही आठही ‘ते धन्य, कारण’ याच सांध्यावर उभी आहेत, म्हणून दयाळूंचं फळ शुद्ध अंतःकरणाच्यांना लागतं. त्यात तिसऱ्या आणि दहाव्या वचनाचा शेवट एकच, स्वर्गाचं राज्य. सौम्यपाशी असतानाच कुणीतरी तो शेवट म्हणतं आणि पूर्णविराम देऊन मोकळं होतं. इथे आठ बोटं वापरा, प्रत्येक बोटाला एक शब्द: दीन, शोक, सौम्य, भुकेले, दयाळू, शुद्ध, शांती, छळ. आधी हे आठ शब्दच ओळीने गा, दोन दिवस फक्त तेवढंच. वचनं नंतर.

तेवीस झालं की १२१ घ्या, आठच वचनं आहेत. १३६ व्या स्तोत्रात २६ वचनं असली तरी प्रत्येकाचा दुसरा अर्ध एकच, त्यामुळे ते सोपं वाटतं. पुढारी पहिला अर्ध म्हणतो, मंडळी पालुपद म्हणते, आणि महिन्याने मंडळीला फक्त पालुपद येत असतं. म्हणून दर रविवारी बाजू बदला: पहिला अर्ध मुलांकडे, पालुपद मोठ्यांकडे.