डिमेन्शियातील (स्मृतिभ्रंशातील) अस्वस्थता: सुगंधी तेलाने हातांचा मसाज कसा करावा

अस्वस्थता एकाएकी वाढली असेल, तर आधी कारण शोधा. दुखणे, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, भूक, गोंगाट. त्रास शब्दांत सांगता येत नाही, म्हणून येरझाऱ्या आणि ओरडणे सुरू होते. त्यावर सुगंधाचे पांघरूण घालू नका, डॉक्टरांना दाखवा.

सुगंधी तेल लॅव्हेंडरचे किंवा लेमन बामचे (लिंबासारख्या वासाची, पुदिन्याच्या कुळातील वनस्पती) घ्या. अपेक्षा मात्र माफक ठेवा: लेमन बामचा 2002च्या अभ्यासात चांगला फायदा दिसला, 2011च्या अभ्यासात दिसला नाही. त्याच्या भरवशावर चालू औषधे बंद करू नयेत.

20 मिली सूर्यफूल तेलात सुगंधी तेलाचे 4 थेंब मिसळा; प्रमाण साधारण 1 टक्का होते. वृद्धांची त्वचा पातळ असते, त्यामुळे थेंब वाढवू नका. कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून 24 तास पाहा.

सगळे बिघडते ते वेळेत. माणूस संतापाच्या टोकावर असताना बहुतेक जण बाटली घेऊन धावतात. त्या क्षणी अनोळखी वास आणि कोणीतरी धरलेला हात हा त्यांना हल्लाच वाटतो. चार दिवस वेळांची नोंद ठेवा. अस्वस्थता संध्याकाळी पाचला सुरू होत असेल, तर साडेचारला बसा.

टीव्ही बंद करा. मागून नको, समोरून या, त्यांच्या नजरेच्या पातळीवर बसा आणि काय करणार ते एका छोट्या वाक्यात सांगा. आपला तळवा वर करून पुढे धरा. त्यांनी हात ठेवला तरच सुरुवात करा. तेल आधी स्वतःच्या तळव्यावर कोमट करा. मनगटापासून बोटांकडे, सावकाश, एका हाताला पाच मिनिटे. लय मोडू नका, मध्येच प्रश्न विचारू नका. हात मागे घेतला की थांबा, मनधरणी नको. अल्झायमरमध्ये (डिमेन्शियाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार) वास घेण्याची क्षमता लवकर कमी होते. वास येत नसेल म्हणून थेंब वाढवणे चूक आहे. अशांना स्पर्शच जास्त पोहोचतो. शेवटी तळवे पुसा, नाहीतर काठी निसटते आणि हात डोळ्यांना लागतो.

डिफ्युझर (हवेत सुगंध पसरवणारे उपकरण) वापरायचा तर 100 मिली पाण्यात 3 थेंब, 20 मिनिटे, दार उघडे. दमा असेल तर नको.

बाटली कुलपात ठेवा. सरबत समजून प्यायली जाते. तेल पोटात गेल्यास उलटी करवू नका, बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.